पुस्तक, कविता, नाटक: घरात मोठ्याने वाचायला सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजात असताना तुम्ही भरपूर वाचायचात, एका एकांकिकेत कामही केलं होतं. आता पिंपरीत नोकरी, कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन दोन तास, घरी पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि आई. प्रदर्शनातून पुस्तकं घरी येतात आणि तिसाव्या पानाच्या आसपास थांबतात. कविता उघडली की दहावीचा पेपर आठवतो. नाटकाला चौघांनी जायचं तर तिकिटं आणि रिक्षा धरून दोन हजारांच्या वर खर्च. रात्री जेवणं झाल्यावर सगळे आपापल्या मोबाइलवर, आणि तुम्ही पुस्तक हातात घेता ते सगळे झोपल्यावर. या तिन्हीसाठी वेळेचं नियोजन कसं करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयातच आमचा अभिवाचनाचा, म्हणजे मिळून मोठ्याने वाचण्याचा, गट चालतो. देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला ‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य रोज ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नसतं. पण तुमचा प्रश्न पुन्हा वाचल्यावर मला त्यात वेळेपेक्षा दुसरीच अडचण दिसते. वाचन ही एकट्याने, गुपचूप, दिवस संपल्यावर उरलेल्या शक्तीत करायची गोष्ट होऊन बसली आहे. तुम्हाला जेव्हा या गोष्टी आवडत होत्या तेव्हा त्या तशा नव्हत्या. एकांकिकेची तालीम दहा जणांत व्हायची. शाळेत कविता वर्ग मिळून म्हणायचा. तुमच्या आई आजही हरिपाठ मोठ्याने म्हणतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे घरात साहित्य रोज येतंच आहे आणि ते आवाजातून येतं आहे. म्हणून माझा सल्ला एकच: वेळापत्रक बाजूला ठेवा आणि मोठ्याने वाचायला लागा, सगळे बसलेले असतात त्याच खोलीत.

कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते. तुमची कामाची पाळी बदलती असेल तर ‘रोज’ हा शब्द सोडून द्या. आठवड्यातून तीन रात्री पुरतात. मुलगी इंग्रजी माध्यमात असेल तर मराठी वाचताना ती अडखळेल, आणि तिथे कुणी उच्चार सुधारत बसलं की ती उठून जाईल. पत्नीला याची आवड आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आग्रह करू नका. कानावर पडत राहू द्या. घरात खरोखर कुणालाच नको असेल, तर मग हे सगळं घराबाहेर करावं लागेल. त्यासाठी वाचनालयं आणि गट आहेत, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता पुस्तकं. तिसाव्या पानावर थांबण्याचं कारण बहुतेक वेळा पुस्तकात नसतं. परत आलेल्या पुस्तकांत दुमडलेली पानं आणि खुणेला ठेवलेली एसटीची तिकिटं मी बघत आले आहे. बहुसंख्य खुणा कादंबऱ्यांत आणि सुरुवातीच्या पन्नास पानांच्या आतच सापडतात. कादंबरी त्या पानांत माणसं उभी करत असते: कोण कुणाचा चुलता, कुठलं घर, काय जुनं वैर. दोन बैठकांमध्ये चार-पाच दिवस गेले की ही नाती पुसली जातात. मग एकतिसावं पान परकं वाटतं आणि आपण समजतो की आपली वाचनाची ताकदच संपली. ताकद आहे तशीच आहे, फक्त मध्ये खंड पडलेला असतो. कादंबरी धरायची तर पहिली पन्नास पानं दोन सलग दिवसांत, सुट्टी बघून वाचून टाका. पुढची गती कमी झाली तरी चालते. आणि खंड पडलाच तर सोडल्या जागेपासून सुरू न करता चार-पाच पानं मागे जा.

पण मी तुम्हाला आत्ता कादंबरी देणारच नाही. पहिलं पुस्तक असं घ्या जे कॉलेजात वाचलं होतं आणि तेव्हा आवडलं होतं. नवी माणसं ओळखून घ्यायचे कष्ट त्यात नाहीत, आणि वीस वर्षांनी तेच पुस्तक वाचताना मध्यंतरी आपण किती बदललो हेही दिसतं. त्यानंतर कथा, ललित लेख, पत्रं, आत्मचरित्रातलं एखादं प्रकरण, म्हणजे एका किंवा दोन बैठकांत पूर्ण होणारं काहीही. साध्या आकाराचं एक पान मोठ्याने वाचायला साधारण अडीच-तीन मिनिटं लागतात. दहा पानांची कथा अर्ध्या तासात होते, दोन रात्रींत विभागली तर पंधरा-पंधरा मिनिटं. आई मेथी निवडत असतील, पत्नी डबे भरत असेल, मुलगी चित्र काढत असेल, आणि तुम्ही वाचताय. हात कामात असले की कान मोकळे राहतात. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. ‘मोबाइल ठेवा, आता वाचन आहे’ अशी घोषणा करू नका. वाचायला लागा, इतकंच. कथेत काही घडायला लागलं की मोबाइल आपोआप खाली जातो, आणि एखाद्या रात्री नाही गेला तरी बिघडत नाही.

दिवाळी अंकांना विसरू नका. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही परंपरा अखंड आहे. घरात मोठ्याने वाचायला याहून सोयीचं काही नाही: कथा, कविता, लेख, मुलाखत, सगळं एका जागी आणि सगळं तुटक वाचण्याजोगं. अनेक वाचनालयं दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना काढतात. एकदा ठरावीक रक्कम भरली की पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. फेब्रुवारीत वाचलेला दिवाळी अंक शिळा होत नाही.

प्रदर्शनातली खरेदी काही महिने थांबवा असंही सांगेन. न वाचलेल्या पुस्तकांची थप्पी रोज नजरेसमोर असली की वाचनाशी अपराधीपणा चिकटतो. वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, आणि ती तारीख आपलं बरंच काम करते. तुम्ही पुण्याच्या बाजूला आहात. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून उभं आहे. इतकं लांब जायची गरजही नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला आणि त्याखाली अनुदान घेणारी हजारो लहान-मोठी वाचनालयं आहेत. तुमच्या उपनगरातही एखादं असेल, पहिल्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान. तिथे जाऊन कपाटांमधून स्वतः फिरू देतात का, ते विचारा. यादीतून नाव सांगून पुस्तक मागवण्यापेक्षा कपाटापुढे उभं राहून चार पुस्तकं चाळण्याने आवड लवकर परत येते.

बसमधले दोन तास वाचनात घालवावेत का? डोळ्यांना त्रास होत नसेल तर वाचा. मला विचाराल तर त्या वेळात ऐका. स्टोरीटेल या पुस्तकं ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं बरीच आहेत आणि आकाशवाणीची परंपरा तर कानानेच साहित्य घेण्याची: 1955 मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण आठवड्याला एक गीत असं वर्षभर चाललं आणि पुढच्या गीतासाठी घरंच्या घरं रेडिओभोवती बसत. एका आठवड्याला एकच गीत आणि तरी ओढ टिकते, हे मला फार शिकवणारं वाटतं. आनंदासाठी थोडं पुरतं, फक्त ते ठरल्या वेळी यायला हवं.

आता कविता. इथे जरा सावकाश लिहिते, कारण मोठ्या माणसांचा सगळ्यात जास्त दुरावा कवितेशीच असतो. शाळेने आपल्याला कवितेसमोर एक प्रश्न घेऊन उभं केलं: कवीला काय म्हणायचं आहे? परीक्षेपुरता तो ठीक होता. घरी कविता वाचताना हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचाच नाही. पहिल्या दिवशी कविता दोनदा मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, काय दिसलं? काय ऐकू आलं? बस.

उदाहरण घेऊ. बालकवींची ‘औदुंबर’ बहुतेकांना शाळेत होती. अवघ्या आठ ओळींची कविता. ती मुलीसमोर वाचा आणि तिला म्हणा, यात जे रंग आहेत त्यांनी चित्र काढ. आधी हिरवं, त्यातून निळासावळा झरा, पुढे पांढरी पायवाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाकडे. चित्र काढताना तिच्या लक्षात येईल की आपण लांबून जवळ येत गेलो: टेकडीकडचं गाव, शेतमळे, कुरणं, पाणी. ज्याचं नाव कवितेला आहे ते झाड थेट शेवटच्या ओळीत येतं, पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखं. उजेडातून काळोखाकडे येताना मनात काय झालं, हे तिला विचारायचं असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी विचारा. आमच्या गटात हीच कविता वाचल्यावर कुणाला ते झाड निवांत वाटलं, कुणाला उदास, आणि एका आजींना ते सगळं बघून झालेल्या म्हाताऱ्यासारखं वाटलं. तिघांच्याही मागे त्याच आठ ओळींतला आधार होता. अर्थ असा तयार होतो, आणि त्याला गुण द्यायचे नसतात.

आठवडाभर एकच कविता ठेवा. रोज नवी घेतली की कुठलीच अंगात मुरत नाही. सोमवारी परकी वाटणारी ओळ शुक्रवारपर्यंत घरातलं कुणीतरी भांडी घासताना म्हणायला लागतं, तेव्हा समजा की काम झालं. फ्रिजवर कागद चिकटवून ठेवला तरी चालेल. मुक्तछंदातली कविता असेल तर वाचताना प्रत्येक ओळीच्या शेवटी अगदी किंचित थांबा. कवीने ओळ तिथेच का तोडली हे डोळ्यांना कळत नाही, श्वासाला कळतं.

आणि छंदाची गोडी लावायची असेल तर तुमच्या घरात शिक्षक आहेत: तुमच्या आई. हरिपाठातलं पहिलंच कडवं त्यांना सावकाश म्हणायला सांगा आणि मुलीला बोटांवर अक्षरं मोजायला बसवा. सहा, सहा, सहा, मग चार. मोठ्या अभंगाचा हा साचा. त्या शेवटच्या चार अक्षरांमुळे जी पोकळी राहते तिथे टाळ वाजतो, श्वास घेतला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमकही तिला सापडेल. मग तिला म्हणा, याच मापात आपल्या बसबद्दल किंवा मांजराबद्दल चार तुकडे जुळव. मी हे मुलांबरोबर करते. ज्या मुलाने एकदा स्वतः सहा-सहा-सहा-चार जुळवलं त्याला तुकारामांचा अभंग ऐकताना त्यातली कारागिरी ऐकू येते. आईंनाही कधीकधी वाटत असतं की आपलं म्हणणं म्हणजे नुसता देवाचा नेम, साहित्य वगैरे शिकलेल्यांचं. तसं असेल तर त्यांना बहिणाबाई चौधरींबद्दल सांगा: त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी सुचत गेली, ती मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवली, आणि 1951 मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. मराठीतल्या सगळ्यात लाडक्या पुस्तकांपैकी एक अशा आवाजातून आलं आहे.

नाटकाबद्दल तुमची अडचण पैशांची आहे आणि ती खरी आहे. दर महिन्याला व्यावसायिक नाटक चौघांना परवडत नाही, मग ते वर्षातून दोनदाच करा. पण मधले महिने रिकामे जायला नकोत, म्हणून घरात नाटक वाचा. छापील नाटक मनातल्या मनात वाचणं बहुतेकांना कंटाळवाणं होतं, आणि त्यात नवल नाही; ते तोंडाने बोलायलाच लिहिलेलं असतं. एक प्रवेश वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पात्रं वाटून घ्या. कमी पडली तर एकाने दोन वाचावीत. रंगसूचना मुलीला द्या: वाक्यं लहान असतात, आणि उजेड कुठला, कोण कुठून आला, टेबलावर काय आहे, हे तिच्या आवाजात आलं की खोली रंगमंच होते. आमच्याकडे तीन नियम आहेत. बसून वाचायचं, अभिनय करायचा नाही. अडखळलं तरी कुणी दुरुस्त करायचं नाही. आणि दर प्रवेशाला भूमिका बदलायच्या. अभिनय नको असं मी ठामपणे सांगते, कारण घरात दोघं चांगला अभिनय करतात आणि उरलेले दोघं गप्प होतात. साधं, अर्थ धरून वाचलं की वाक्य स्वतःच काम करतं.

असं वाचताना काय हाती लागतं ते एका अनुभवातून सांगते. गटात आम्ही महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाचत होतो. विदर्भातल्या एका गावातलं देशपांड्यांचं घर, वडील नुकतेच गेलेत, मुंबईचा मुलगा आणि सून आलेत, तेराव्याचा खर्च कोण करणार यावर ताण. आमच्यात अमरावतीकडच्या एक परिचारिका आहेत, लग्न होऊन आमच्या गावी आलेल्या. त्या सहसा गप्प असतात. घरातल्या थोरल्या सुनेची, वहिनीची, वाक्यं त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ती आपल्या माहेरच्या बोलीच्या हेलात वाचली. खोलीतल्या कित्येकांनी हे नाटक आधी वाचलेलं होतं, पण त्या घरातली ऊब आणि कोंडी, दोन्ही त्या दिवशी ऐकू आली. समोर एक निवृत्त एसटी वाहक वहिनीच्या नवऱ्याची, भास्करची, वाक्यं वाचत होते. वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालून बघते तो प्रवेश संपला तेव्हा बराच वेळ कुणी पान उलटलं नाही. नंतरच्या गप्पा नाटकावरून आपापल्या घरच्या वाटण्यांवर कधी गेल्या ते कळलंही नाही. तिकीट काढून बघितलेल्या प्रयोगाची जागा हे घेत नाही, पण प्रयोगाला जाणारं माणूस यातून तयार होतं.

हे नाटक मुलगी जागी असताना वाचायचं नाही, मोठ्यांसाठी ठेवा. तिच्यासाठी रत्नाकर मतकरींची बालनाट्यं आहेत. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण वाचायला मुलांमध्ये भांडणं लागतात. मोठ्यांबरोबर हलकं काही हवं असेल तर पु. ल. देशपांड्यांचं ‘तुझे आहे तुजपाशी’ घ्या. त्यातले काकाजी आणि आचार्य आलटून पालटून वाचले की दोघांचीही बाजू पटायला लागते, आणि नाटककाराने किती न्यायाने दोघांना शब्द दिलेत ते कळतं.

प्रत्यक्ष प्रयोगांबद्दल. व्यावसायिक नाटकाला बाल्कनीचं तिकीट काढायला कमीपणा मानू नका. शब्दप्रधान नाटक तिथूनही पूर्ण पोचतं. चेहऱ्यांच्या बारीक खेळावर उभं असलेलं दोन पात्रांचं नाटक मात्र पुढे बसून बघावं, त्यासाठी पैसे राखून ठेवावेत. प्रायोगिक नाटकं छोट्या जागांत होतात, पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या ठिकाणी, आणि तिकिटं बरीच कमी असतात. कॉलेजच्या एकांकिकेची आठवण अजून ताजी असेल तर पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्यांना एखादी संध्याकाळ जाऊन बसा. 1963 पासून कॉलेजांची ही एकांकिका स्पर्धा पुण्यात चालू आहे आणि प्रेक्षागृहातला तो आरडाओरडा तुम्हाला ओळखीचा वाटेल.

प्रयोगाला जाण्याआधी संहिता वाचावी का, यावर गटात नेहमी मतभेद होतात. रहस्यावर किंवा विनोदावर उभं असेल तर वाचू नये. इतर नाटकांचा पहिला प्रवेश आदल्या रात्री वाचून जावा असं माझं मत आहे. पात्रांची नावं आणि घराची मांडणी डोक्यात असली की मुलं पहिल्या दहा मिनिटांत हरवत नाहीत, आणि मोठ्यांचं लक्ष ‘पुढे काय’ऐवजी ‘कसं केलं’ याकडे जातं.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाची आहे ती राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा. कित्येक दशकं ही सुरू आहे आणि प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या केंद्रांवर होतात. तिकीट इतकं स्वस्त असतं की चौघांचा खर्च एका चहा-नाश्त्याच्या आत बसतो. दिवसभर बँकेत, शाळेत, वर्कशॉपमध्ये काम करून रात्री तालमी केलेली माणसं तिथे उभी असतात. कधी प्रयोग कच्चा निघतो, नेपथ्य डगमगतं, आणि कधी एखादा नट असा काही उभा राहतो की आठवडाभर त्याच्याबद्दल बोलणं होतं. आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून मराठी नाटकाला असाच हौसेचा आधार आहे. शासनाची बालनाट्य स्पर्धाही असते. मुलीला तिच्या वयाची मुलं रंगमंचावर बघू द्या. दिवाळी उलटली की वर्तमानपत्रात आणि नाट्यगृहाच्या फलकावर केंद्राचं वेळापत्रक लागतं. त्याचा फोटो काढून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला त्यातलं एक नाटक निवडायला सांगा. आईंना रात्रीचं जागरण झेपत असेल का ते मला माहीत नाही; नसेल तर त्यांच्यासाठी रविवार दुपारचा प्रयोग बघा, आणि बाल्कनीच्या पायऱ्या टाळून खालचं, कडेच्या खुर्चीचं तिकीट काढा.